पाण्याचा हिशेब मांडणारा अभियंता

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले पुणतांबा हे गाव महाराष्ट्राला चांगदेवांच्या समाधीमुळे परिचित आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या स्थानकातून शिर्डीकडे जाणारा फाटा फुटतो. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या ऐतिहासिक संपाची ठिणगीही याच गावात पडली होती. गावाच्या नदीकाठी दगडी घाट आहेत आणि त्यांतील दोन घाट पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी बांधल्याची नोंद आढळते. गावाच्या शिवारात फिरणाऱ्याला पाण्याची आणखी एक व्यवस्था दिसते. ती म्हणजे नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून निघणारा गोदावरीचा उजवा कालवा आणि त्याच्या चाऱ्या.

घाट अठराव्या शतकातले आणि कालवा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. मधल्या शे-सव्वाशे वर्षांत बांधकामाच्या विद्येचे रूप पार पालटून गेले. घाट बांधणारे पाथरवट आणि गवंडी आपले ज्ञान बापाकडून मुलाकडे सोपवीत आले होते. दगडाची जात, चुन्याची घाणी, पुराच्या पाण्याचा रेटा यांचे त्यांचे गणित हाताला ठाऊक असे. कागदावर ते कधी उतरले नाही. कालवा आखणारी माणसे मात्र महाविद्यालयात शिकलेली होती. पातळी मोजण्याची दुर्बीण, नकाशे, अंदाजपत्रक आणि परीक्षेचे प्रमाणपत्र ही त्यांची साधने होती. पश्चिम भारतात या नव्या विद्येचे माहेरघर होते पुणे, आणि तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत सर्वांत अधिक कीर्ती मिळवणारे नाव म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्या हे म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागराचे शिल्पकार म्हणून सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि उमेदीची सुमारे चोवीस वर्षे मुंबई इलाख्याच्या सेवेत गेली, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. गोदावरीचा कालवा त्यांनी बांधला नाही. पण दख्खनच्या कालव्यांचे पाणी कोणाला, किती आणि कोणत्या पिकासाठी द्यायचे, या प्रश्नाचे जे उत्तर त्यांनी नीरा कालव्यावर शोधले, त्याचाच वारसा पुढे गोदावरी आणि प्रवरेच्या काठी पोहोचला.

शिष्यवृत्तीचा विद्यार्थी

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी (काही नोंदींनुसार १८६० मध्ये) तत्कालीन म्हैसूर संस्थानातील चिक्कबल्लापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे जाणकार होते. घरची स्थिती बेताची होती. शालेय वयातच वडिलांचे छत्र हरपल्यानंतर बंगळूरला मामांच्या आश्रयाने त्यांचे शिक्षण पुढे सुरू राहिले. सेंट्रल कॉलेजात शिकत असताना इतरांच्या मुलांना शिकवून ते स्वतःचा खर्च भागवीत. १८८१ मध्ये ते मद्रास विद्यापीठाची बी. ए. परीक्षा विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झाले.

त्या काळी कला शाखेच्या पदवीधरापुढे वकिली, शिक्षकी किंवा कचेरीतील कारकुनी हे मार्ग असत. अभियांत्रिकीचे शिक्षण खर्चाचे होते आणि बंगळूरला त्याची सोयही नव्हती. म्हैसूर सरकारने हुशार विद्यार्थ्यांना पुण्याला पाठवण्यासाठी शिष्यवृत्ती ठेवली होती. ती विश्वेश्वरय्यांना मिळाली. ही शिष्यवृत्ती नसती तर त्यांच्या आयुष्याला कोणते वळण लागले असते, याची कल्पना करणे अवघड आहे. पुढे अधिकारपदावर पोहोचल्यावर शिक्षणावरील सरकारी खर्चाचा त्यांनी जो आग्रह धरला, त्याचे मूळ या अनुभवात असावे.

पुण्याच्या ज्या संस्थेत ते दाखल झाले तिची सुरुवात १८५४ मध्ये झाली होती. सरकारी बांधकामांवर लागणारे कनिष्ठ कर्मचारी तयार करणे एवढाच तिचा प्रारंभीचा हेतू होता. रस्ते, पूल, कालवे आणि नुकतीच सुरू झालेली आगगाडी यांसाठी मोजणी करणारी, हिशेब ठेवणारी आणि मजुरांवर देखरेख करणारी माणसे सरकारला हवी होती. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळ तिची इमारत उभी राहिली. विश्वेश्वरय्या आले तेव्हा तिचे नाव कॉलेज ऑफ सायन्स असे होते. १९११ मध्ये तिचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय असे नामकरण झाले आणि २०२२ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

त्या वेळच्या अभ्यासक्रमाला एल. सी. ई. असे म्हणत. स्थापत्य अभियंता आणि वास्तुविशारद अशी आजच्यासारखी काटेकोर विभागणी तेव्हा झालेली नव्हती. गणित, पदार्थांचे बलशास्त्र, मोजणी, जलशास्त्र, रेखाचित्रे आणि इमारतींची रचना हे सारे एकाच विद्यार्थ्याने शिकायचे असे. बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुणाला आज कचेरीची इमारत, उद्या पूल आणि परवा बंधारा उभारावा लागे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे स्वतंत्र शिक्षण रुजले ते नंतरच्या काळात.

नोव्हेंबर १८८३ मध्ये झालेल्या एल. सी. ई. परीक्षेत विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात पहिले आले आणि जेम्स बर्कले पारितोषिकाचे मानकरी ठरले. हे पारितोषिक ज्यांच्या नावाचे होते ते बर्कले म्हणजे बोरघाटातून आगगाडीचा मार्ग काढणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य अभियंता. परीक्षेत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंत्याची जागा मिळत असे. म्हैसूरच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला हा तरुण अशा रीतीने मुंबई सरकारच्या चाकरीत आला.

खानदेशातील पहिली कसोटी

१८८४ मध्ये त्यांची पहिली नेमणूक नाशिक येथे झाली. लवकरच त्यांची रवानगी खानदेशात करण्यात आली. धुळ्याजवळ दातर्ती येथे पांझरा नदीच्या पात्राखालून नळाद्वारे पाटाचे पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. ऐन पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहत होती आणि खोदलेल्या जागेत वाळू पुन्हा पुन्हा भरून येत होती. पाऊस ओसरेपर्यंत काम थांबवावे, असे या नवख्या अभियंत्याचे मत पडले. वरिष्ठांना ते रुचले नाही. सरकारी शिस्तीचे भान राखून त्यांनी काम पुढे रेटले आणि पूर्ण केले. पुस्तकातील जलशास्त्र आणि महाराष्ट्रातील नदीचा पूर यांच्यातील अंतर त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी उमगले.

त्याच पांझरेच्या आणि शेजारच्या मोसम नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली फड पद्धत होती. नदीवर लहानसा बंधारा घालायचा, त्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि फडांची आलटून-पालटून फेरपालट करायची, असा तिचा थोडक्यात नियम होता. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला असे. कोणतेही महाविद्यालय न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी आखलेली ही व्यवस्था होती. पंधरा वर्षांनी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर जी योजना मांडली तिचे या पद्धतीशी असलेले साम्य नजरेत भरण्याजोगे आहे.

पुढील दशकात त्यांच्या कामाची व्याप्ती वाढत गेली. सिंधमधील सक्कर शहराला सिंधू नदीचे पाणी स्वच्छ करून पुरवण्याची योजना त्यांनी १८९५ पर्यंत तडीस नेली. गाळणी बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. तेव्हा नदीपात्रातील वाळूलाच गाळणी मानून, पात्राखाली विहीर आणि भुयार खोदून नितळ पाणी मिळवण्याचा मार्ग त्यांनी अवलंबला. सुरतेचा पाणीपुरवठाही त्यांच्या देखरेखीखाली आला. १८९८ मध्ये रजा काढून ते जपानला गेले. अल्पावधीत औद्योगिक झालेल्या त्या देशातील शिक्षणव्यवस्थेचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

नीरा कालवा आणि पाण्याचा न्याय

१८९९ मध्ये विश्वेश्वरय्या पुण्यात पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता झाले. हा काळ दख्खनसाठी अत्यंत कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या जखमा भरून निघतात न निघतात तोच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ कोसळला. नगर, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून हवालदिल झाली होती. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर बांधलेला नीरा कालवा हाच काय तो मोठा आधार होता. मात्र कालवा असूनही त्याचा लाभ व्हावा तसा होत नव्हता.

अडचण बांधकामात नव्हती, वाटपात होती. पाऊस बरा झाला की भुसार पिकांसाठी कालव्याचे पाणी कोणी मागत नसे आणि पाणी वाया जाई. पावसाने दगा दिला की सारेच एकदम मागणी करीत आणि कालवा अपुरा पडे. कालव्याच्या तोंडाशी असलेले ऊस बागायतदार वर्षभर भरपूर पाणी घेत. अतिपाण्याने त्यांच्या जमिनी चोपण होऊ लागल्या, दलदल वाढली आणि हिवतापाने गावे बेजार झाली. शेपटाकडील गावांतील ज्वारी-बाजरीला मात्र वेळेवर पाणी पोहोचत नसे. दुष्काळ निवारणासाठी बांधलेल्या कालव्याचे पाणी मूठभर शेतांत मुरत होते.

विश्वेश्वरय्यांनी यावर सुचवलेला उपाय ब्लॉक पद्धत या नावाने ओळखला जातो. पाणी एकाच पट्ट्यात न देता अनेक गावांत विखुरलेले ठरावीक क्षेत्रांचे गट पाडायचे. प्रत्येक गटातील सुमारे एक तृतीयांश जमिनीत ऊस आणि उरलेल्या जमिनीत कमी पाण्यावर येणारी पिके घ्यायची. उसाची जागा दरवर्षी बदलायची, म्हणजे जमिनीचा कस टिकतो आणि पाणी साचून राहत नाही. शेतकऱ्याशी काही वर्षांचा करार करून त्याला पाण्याची हमी द्यायची. त्यामुळे शेतकऱ्याला भांडवल घालण्याचा भरवसा वाटेल, सरकारला दरवर्षी पाणीपट्टी मिळेल आणि तेवढ्याच पाण्यात अधिक गावे भिजतील, असा या योजनेमागील हिशेब होता.

योजनेला विरोध झाला. हवे तेवढे पाणी घेण्याची सवय जडलेल्या बागायतदारांना मोजून मिळणारे पाणी नको होते. गटातील सर्वांनी पीकपाण्याचा एकच नियम पाळावा, ही अटही अनेकांना जाचक वाटली. विश्वेश्वरय्यांनी गावोगावी शेतकऱ्यांशी चर्चा करून त्यांच्या शंकांचे निरसन करण्याचा प्रयत्न केला. सर कोलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय सिंचन आयोगापुढेही त्यांनी आपले म्हणणे मांडले. हळूहळू या पद्धतीला मान्यता मिळाली आणि पुढे दख्खनच्या इतर कालव्यांवरही तिचा अवलंब झाला.

याच सुमारास खडकवासल्याच्या फाइफ तलावावर त्यांनी दुसरा प्रयोग केला. पावसाळ्यात तलाव भरल्यानंतर सांडव्यावरून वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी धरणाची उंची वाढवणे हा सरळ मार्ग होता. पण तो खर्चिक आणि धोक्याचा होता. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढेपर्यंत हे दरवाजे मिटलेले राहत, पातळी ओलांडताच आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. त्यामुळे मूळ धरणाला हात न लावता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढवता आली. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावे झाले. परंतु सरकारी कामावर असताना केलेल्या रचनेचा मोबदला सरकारकडून घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही असेच दरवाजे बसवण्यात आले.

पुण्याचे दिवस आणि सेवेची मर्यादा

पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, गोपाळ कृष्ण गोखले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या वर्तुळात विश्वेश्वरय्यांचा वावर होता. शहरात सुरू झालेल्या डेक्कन क्लबच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. देशाच्या दारिद्र्याचा विचार आकडेवारीच्या आधारे करण्याची रानडे यांची रीत त्यांनी पुढील आयुष्यात कधी सोडली नाही.

१९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे आरोग्य अभियंता झाले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड आणि विजापूर अशा अनेक शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या अथवा सांडपाण्याच्या योजनांवर त्यांनी काम केले. १९०६ मध्ये पाण्याच्या टंचाईने त्रस्त असलेल्या एडन बंदराच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करण्यासाठी सरकारने त्यांना तेथे पाठवले.

कर्तृत्वाच्या या चढत्या आलेखाला एक मर्यादा होती आणि विश्वेश्वरय्यांना तिची पूर्ण जाणीव होती. भारतातील बांधकाम खात्यासाठी अभियंते तयार करण्याकरिता इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे स्वतंत्र महाविद्यालय चालवले जात होते. तेथून आलेल्या इंग्रज अभियंत्यांकडे वरिष्ठ जागा जात. पुण्यात शिकलेल्या भारतीय अभियंत्यांना बढतीचा मार्ग अरुंद होता. विश्वेश्वरय्या अनेक वरिष्ठांना मागे टाकून अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत पोहोचले. परंतु मुख्य अभियंत्याचे पद भारतीयाला मिळण्याची शक्यता त्या काळात जवळपास नव्हतीच. १९०८ मध्ये, पूर्ण निवृत्तिवेतनाला लागणारी सेवेची वर्षे भरण्याआधीच, त्यांनी सेवेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या कामाची कदर म्हणून मुंबई सरकारने त्यांना निवृत्तिवेतन मंजूर केले.

हैदराबाद आणि म्हैसूर

ते परदेश प्रवासात असतानाच, सप्टेंबर १९०८ मध्ये हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि शहरातील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारच्या निमंत्रणावरून विश्वेश्वरय्यांनी १९०९ मध्ये पूरनियंत्रणाची आणि सांडपाण्याची योजना तयार केली. शहराच्या वरच्या बाजूला तलाव बांधून पुराचे पाणी अडवण्याच्या त्यांच्या शिफारशीतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर साकारले.

त्याच वर्षी ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. ज्या संस्थानाने अठ्ठावीस वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती देऊन त्यांना पुण्याला पाठवले होते, तेथे ते अनुभवसंपन्न होऊन परतले होते. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. धरणाची उंची किती ठेवायची, यावर मद्रास सरकारशी वाद चिघळला. अपेक्षित परवानगी मिळालेली नसतानाही पाया भविष्यातील पूर्ण उंचीला पेलेल असा रुंद ठेवण्याचा निर्णय घेण्यात आला. सिमेंटऐवजी चुना आणि विटांच्या भुकटीपासून केलेली सुरखी वापरण्यात आली. पुणतांब्याचे घाट बांधणाऱ्या गवंड्यांना चुन्याची ही कुळी अनोळखी वाटली नसती. धरण १९३० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले आणि मंड्या परिसर उसाने हिरवागार झाला.

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. या अवधीत १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठाची आणि १९१७ मध्ये बंगळूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना झाली. अभियांत्रिकी शिकण्यासाठी म्हैसूरच्या विद्यार्थ्याला पुण्याची वाट धरावी लागू नये, याची तजवीज त्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्यानेच केली.

त्यांच्या दिवाणपदाची अखेर मात्र मतभेदात झाली. संस्थानातील नोकऱ्यांवर ब्राह्मण वर्गाचे वर्चस्व होते आणि ब्राह्मणेतर समाजांनी राखीव जागांची मागणी लावून धरली होती. महाराज त्या मागणीला अनुकूल होते आणि १९१८ मध्ये त्यासाठी न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमण्यात आली. नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात, असे मत असलेले विश्वेश्वरय्या पदावरून दूर झाले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. पाण्याच्या बाबतीत कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला मर्यादा घालून शेपटाकडील शेतकऱ्याला हमी देणारा हा अभियंता, शिक्षणाच्या आणि नोकरीच्या बाबतीत तसा नियम स्वीकारू शकला नाही. त्यांच्या चरित्रातील ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनीही नजरेआड करू नये अशी आहे.

पुन्हा महाराष्ट्राकडे

म्हैसूर सोडल्यानंतरही मुंबई इलाख्याशी असलेले त्यांचे नाते तुटले नाही. १९२१-२२ मध्ये इलाख्यातील तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. समितीत एकमत झाले नाही. पण उच्च तांत्रिक शिक्षण भारतातच मिळाले पाहिजे, हा मुद्दा सार्वजनिक चर्चेत ठळकपणे आला. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा मांडणारा ग्रंथ लिहिला. १९३८ मध्ये मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. नीरा कालव्यावर प्रयोग सुरू केल्यानंतर जवळपास चार दशकांनी दख्खनच्या कालव्यांचा जमाखर्च पुन्हा त्यांच्यापुढे आला होता.

तोवर गोदावरीचे कालवे वाहू लागून दोन दशके लोटली होती. दारणा धरण आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामुळे कोपरगाव परिसराचा कायापालट झाला होता. ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू मुलखात ऊस आला, साखर कारखाने आले. पुणतांब्याच्या परिसरातही चांगदेव शुगर मिल्सच्या रूपाने साखर उद्योग उभा राहिला. ब्लॉक हा इंग्रजी शब्द या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या बोलीत रुळून गेला.

काळाच्या ओघात मूळ कल्पनेतील फेरपालट आणि कमी पाण्याची पिके मागे पडली आणि ब्लॉक म्हणजे उसाला मिळणारे हक्काचे पाणी, एवढाच अर्थ अनेक ठिकाणी उरला. पुढे शहरांची, उद्योगांची आणि खालच्या जायकवाडी धरणाची मागणी वाढत गेली. पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यानंतरही टंचाईच्या वर्षी नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यातील वाद उफाळून येतात. नीरा कालव्यावर १८९९ मध्ये पडलेला प्रश्न गोदावरीच्या खोऱ्यात अजून सुटलेला नाही.

शंभरी आणि वारसा

विश्वेश्वरय्यांना १९१५ मध्ये सर हा किताब आणि १९५५ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. नव्वदी ओलांडल्यानंतरही गंगेवरील पुलाची जागा ठरवण्याच्या कामात त्यांनी सहभाग घेतला. म्हैसूर सरकारकडून मिळणाऱ्या मानधनाच्या रकमेतून त्यांनी बंगळूरला व्यवसाय शिक्षण देणारी संस्था सुरू करवली आणि तिला स्वतःचे नाव न देता महाराजांचे नाव दिले. शिस्तबद्ध दिनक्रम, नीटनेटका पोशाख आणि खासगी कामासाठी सरकारी साधनांना हात न लावण्याचा कटाक्ष यांविषयीच्या आठवणी दीर्घकाळ सांगितल्या जात राहिल्या.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांच्या उमेदीच्या कर्मभूमीवर मोठा आघात झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही खचले. पुणे शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ज्या धरणावर त्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसवले होते, त्याची ही अखेर त्यांच्या हयातीतच झाली. त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

१५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. नागपूरला १९६० मध्ये सुरू झालेल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. आज ती विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे.

विश्वेश्वरय्यांच्या काळी एका एल. सी. ई. परीक्षेत सामावलेली विद्या आज अनेक शाखांत विभागली गेली आहे. स्थापत्य अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि वास्तुकलेचा पाच वर्षांचा आहे. वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करण्यासाठी १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. इमारतीचा सांगाडा, पाणीपुरवठा, प्रकाश आणि वायुवीजन यांचा एकत्रित विचार करणारी इमारत अभियांत्रिकी, नगररचना, जलसंपदा, भूकंपरोधक रचना, जुन्या वास्तूंचे जतन अशा अनेक वाटा विद्यार्थ्यांपुढे खुल्या आहेत. सरकारी खात्यांबरोबर खासगी कंपन्या, सल्लागार संस्था आणि परदेशातील प्रकल्प येथेही संधी आहेत. १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्या एकाला सरकारी जागेची हमी मिळत होती. आता दरवर्षी हजारो तरुण पदवी घेऊन बाहेर पडतात आणि तशी हमी कोणालाच नसते.

पुणतांब्याच्या घाटावर उभे राहिले की पायऱ्यांवर पुराच्या पाण्याच्या खुणा दिसतात आणि मागे शिवारात कालव्याची चारी. घाटाचे दगड जागच्या जागी आहेत. चारीला पाणी कधी सुटणार, आवर्तन शेपटापर्यंत पोहोचणार की नाही, याची चौकशी दर हंगामात नव्याने करावी लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात शिकलेल्या एका अभियंत्याने आपल्या विद्येचा उपयोग याच चौकशीचे उत्तर शोधण्यासाठी केला होता. ते उत्तर अधिक चांगले शोधण्याचे काम आजच्या पदवीधरांची वाट पाहत आहे.